सॉनेट ७३ वर ३००० शब्द: तीन प्रतिमा सांगून झाल्या, पुढे काय?

शाईचा_डाग
नमस्कार मंडळी. इंग्रजी स्पेशल, तिसरं वर्ष. एकाच कवितेच्या सूक्ष्म वाचनावर ३००० शब्दांचा निबंध द्यायचाय, इंग्रजीतून. मी शेक्सपिअरचं ७३वं सॉनेट (चौदा ओळींची कविता) घेतलंय, 'दॅट टाइम ऑफ यीअर दाऊ मेस्ट इन मी बिहोल्ड'. पहिल्या चार ओळींत पानगळ, पुढच्या चारांत संध्याकाळ, मग विझत आलेली आग, शेवटच्या दोन ओळींत 'म्हणून तुझं प्रेम वाढतं'. यमकं सांगितली, रूपकं सांगितली, वर्ष-दिवस-घटका असा काळ आक्रसत जातो तेही सांगितलं. ९०० शब्दांत कारभार आटोपला. उरलेल्या जागेत शेक्सपिअरचं चरित्र आणि एलिझाबेथ राणीचा काळ घालू का? तीन आठवडे हातात आहेत.

अर्धविराम
चरित्र घातलंस तर ३००० भरतील आणि गुण जातील. सॉनेटं १६०९ साली छापली गेली तेव्हा शेक्सपिअर ४५ वर्षांचा होता. त्याचा समकालीन लेखक फ्रान्सिस मिअर्स १५९८ मध्येच त्याच्या 'साखरेसारख्या' सॉनेटांचा उल्लेख करतो, म्हणजे यातली काही तरी पस्तिशीच्या आतली. 'म्हाताऱ्या कवीचं आत्मकथन' हे गृहीतक तिथेच लंगडं पडतं. बोलणाऱ्याला 'स्पीकर' म्हण, 'शेक्सपिअर' नको.

तुझे ९०० शब्द कविता काय म्हणते ते सांगतात. निबंधाने ती कसं म्हणते आणि तसंच का म्हणते, ते दाखवायचं असतं. एक ओळ घेऊ. दुसरी: 'व्हेन यलो लीव्ज, ऑर नन, ऑर फ्यू, डू हँग'. झाडाचा क्रम काय? पिवळी पानं, मग थोडी, मग एकही नाही. इथे 'नन' आधी येतं आणि 'फ्यू' नंतर. छंदाची काही अडचण नव्हती. 'ऑर फ्यू, ऑर नन' लिहिलं असतं तरी दहा अवयव तसेच राहिले असते. मग उलटं का? या एका प्रश्नावर ३०० शब्द सहज होतात.

दुसरी गोष्ट. कविता समोर ठेव आणि 'आय' हा शब्द शोध.

शाईचा_डाग
शोधला. एकदाही नाही!

अर्धविराम
तेच. इंग्रजीतलं 'मी' तीन वेळा येतं, पण तिन्ही वेळा 'इन मी', म्हणजे 'माझ्यात'. जागा म्हणून, कर्ता म्हणून नाही. बघणारा सगळीकडे 'दाऊ', म्हणजे समोरचा. आता क्रियापदांची रांग लाव: पहिल्या ओळीत 'मेस्ट बिहोल्ड', पाचवीत 'सीस्ट', नववीत पुन्हा 'सीस्ट', तेराव्यात 'पर्सीव्हस्ट'. 'बघू शकशील' पासून सुरुवात, मग 'बघतोस', शेवटी 'तुला उमगतं'. शक्यतेचं विधान बारा ओळींत वस्तुस्थिती होऊन बसलं. समोरच्याने 'हो, दिसतंय' असं कुठेही म्हटलेलं नाही. त्याला काय दिसतं ते बोलणाराच परस्पर सांगून टाकतो.

इथून निबंधाचा दावा निघतो: या कवितेत 'मी' कुठेच कर्ता नाही, तरी बघण्याची सगळी सूत्रं त्याच्याच हातात आहेत. हे कुणाला पटणार नाही, कुणी वाद घालेल. घालू दे, दाव्यावर वाद घालता आलाच पाहिजे. 'ही कविता काळ आणि मृत्यू यांविषयी आहे' याच्याशी कोण भांडणार?

खिळा_जुळारी
त्याआधी एक पायरी: तू कवितेचा कुठला पाठ, म्हणजे कुठलं छापील रूप, वाचतेयस? गाइडमधला किंवा कुठल्याशा संकेतस्थळावरून उतरवलेला असेल तर आधी तो बदल.

१६०९ ची क्वार्टो (त्या आकारातलं छापील पुस्तक) ही या कवितेची एकमेव मूळ छापील प्रत. प्रकाशक थॉमस थॉर्प. १५४ पैकी फक्त १३८ आणि १४४ ही दोन त्याआधी, १५९९ मध्ये छापली गेली होती. ७३ चं हस्तलिखितही कवीच्या हातचं उपलब्ध नाही. आता गंमत बघ. चौथ्या ओळीतला 'बेअर रूइन्ड क्वायर्स' हा सगळ्यांना पाठ असलेला तुकडा क्वार्टोत तसा नाहीच. तिथे 'रूइन्ड'च्या जागी आर, एन, मग वर लोंबणारा स्वल्पविराम, मग डब्ल्यू, डी असा उच्चारताही न येणारा शब्द पडलाय. जुळाऱ्याची, म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याची, चूक. १६४० च्या, जॉन बेन्सन या प्रकाशकाच्या आवृत्तीत तो 'रूइन्ड' झाला आणि पुढच्या संपादकांनी तेच घेतलं. दुरुस्ती बरोबरच असणार, कारण त्या अक्षरांतून दुसरा अर्थपूर्ण शब्द काढणं अवघड आहे. पण ज्या शब्दावर तू पानभर लिहिणार, तो संपादकाने बसवलेला आहे हे निबंधात एका वाक्यात आलं पाहिजे.

'क्वायर्स'चं स्पेलिंगही तिथे क्यू-यू ने सुरू होतं. कागदाच्या तावांच्या गड्डीलाही 'क्वायर' म्हणतात, आणि त्याचं स्पेलिंग आजही क्यूनेच सुरू होतं. दुसऱ्या ओळीत पानं आधीच आली आहेत. झाडाची पानं, वहीची पानं, देवळातला गायनकक्ष. आधुनिक स्पेलिंग केलं की यातला एक धागा डोळ्यांआड होतो.

विरामचिन्हांवर मात्र इमले बांधू नकोस. ती बरीचशी छापखान्यात पडलेली आहेत. 'दुसऱ्या ओळीतल्या स्वल्पविरामांतून कवीचा अडखळता श्वास ऐकू येतो' असं लिहिलंस की परीक्षक विचारणार, 'कवीचा की जुळाऱ्याचा?'

शाईचा_डाग
बापरे. मग आवृत्ती कुठली घेऊ? आमच्या ग्रंथालयात एकखंडी समग्र शेक्सपिअर आहे, टिपा नाहीत.

खिळा_जुळारी
तीनपैकी एक मिळव. आर्डनची कॅथरीन डंकन-जोन्स यांनी संपादित केलेली, १९९७ ची. ऑक्सफर्डची कॉलिन बरो यांची, २००२ ची. किंवा स्टीफन बूथ यांची येलची, १९७७ ची. बूथमध्ये डाव्या पानावर क्वार्टोची छबी आणि उजव्या पानावर आधुनिक पाठ आहे, त्यामुळे तुझ्या कामाला तीच सोयीची. टिपा मात्र दमछाक करणाऱ्या आहेत. एकेका शब्दाला पाच-पाच अर्थ देऊन हा गृहस्थ कुठलाच निवडत नाही.

काहीच मिळालं नाही तर फोल्जर ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर संपादित पाठ फुकट वाचता येतो. क्वार्टोच्या पानांची छायाचित्रंही आंतरजालावर आहेत. फक्त एक पथ्य: एकदा आवृत्ती ठरवली की सगळी अवतरणं तिच्यातूनच. एका परिच्छेदात आर्डन आणि दुसऱ्यात कुठलं तरी संकेतस्थळ, अशी खिचडी लगेच पकडली जाते.

यमाताराज
छंदाकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहितो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची इथे ठरलेली चूक होते: आयॅम्बिक पेंटामीटरला, म्हणजे या सॉनेटच्या छंदाला, लघु-गुरू लावतात. आपलं वृत्त काळ मोजतं, इंग्रजी छंद आघात मोजतो. आपण 'यलो' लिहितो त्यात 'लो' दीर्घ, म्हणजे गुरू. इंग्रजीत जोर 'य'वर आणि 'लो' दुबळं. गण पाडायला बसलात तर पहिल्याच शब्दाला आपटाल.

कृती अशी. प्रथम ओळीतले उच्चारी अवयव मोजा, दहा यायला हवेत. मग एकाहून जास्त अवयवांच्या शब्दांचा आघात शब्दकोशातून बघून नोंदवा, तो बदलत नाही. त्यानंतर एकावयवी शब्द. नाम, क्रियापद, विशेषण सहसा जड, 'ऑर', 'द', 'ऑफ' सहसा हलके. शेवटी साचा वर ठेवून बघा: हलका-जड असं पाच वेळा.

दुसरी ओळ: व्हेन य-लो लीव्ज ऑर नन ऑर फ्यू डू हँग. साच्यात चपखल. 'नन' आणि 'फ्यू' दोघंही आघाताच्या जागी. म्हणजे अर्धविराम यांनी दाखवलेली उलटापालट कानालाही ठळक लागते.

चौथी: बेअर रू-इन्ड क्वायर्स व्हेअर लेट द स्वीट बर्ड्ज सँग. इथे 'रूइन्ड' दोन अवयव, 'क्वायर्स' एकच धरायचा, तेव्हाच दहा भरतात. साचा मोडलेला नाही. पण 'बेअर' आणि 'बर्ड्ज' हे दोन जड शब्द हलक्या जागांवर बसवलेत. त्यामुळे ओळीच्या दोन्ही टोकांना सलग वजन येतं, मधले 'इन्ड', 'व्हेअर' आणि 'द' काय ते हलके. मोठ्याने वाचा, दुसरी ओळ झपकन सरकते आणि चौथी ओढावी लागते. निबंधात 'स्पॉन्डी (लागोपाठ दोन जड अवयव) आहे' एवढंच लिहून थांबू नका. कुठले दोन शब्द, कुठल्या जागेवर आणि त्याने वाचताना काय झालं, एवढं एका वाक्यात सांगा.

चौदाही ओळींची मोजणी निबंधात ओतू नका हो. दोन ओळी पुरे, तिसरी फार तर परिशिष्टात.

रिकामा_कोपरा
नववी ओळ माझ्याकडे अकरा भरते. 'ग्लोइंग ऑफ सच फायर'.

यमाताराज
'फा-यर' असे दोन धरले म्हणून. तिथे 'फायर' एकच अवयव आणि 'सीस्ट'ही एकच. इन मी दाऊ सीस्ट द ग्लो-इंग ऑफ सच फायर. 'ऑफ' साच्याच्या जोरावर आघाताच्या जागी बसलाय, बोलताना तो तेवढा जड नको. 'क्वायर', 'फायर', 'एक्सपायर' या तिन्ही ठिकाणी मराठी जीभ एक अवयव वाढवते.

पडका_मनोरा
'क्वायर' म्हणजे इथे गाणाऱ्यांचा ताफा नव्हे, चर्चमधली जागा. लोक बसतात तो भाग आणि वेदी यांच्या मधला, जिथे मठवासी समोरासमोरच्या लाकडी आसनांवर बसून प्रार्थना गात. छप्पर उडालेली अशी जागा डोळ्यांपुढे येत नसेल तर जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टिनचा पडका मनोरा आणि त्याच्या पायथ्याचे अवशेष बघा. पोर्तुगालने धर्मसंघ मोडीत काढल्यावर १८३५ मध्ये तो मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळलं. इंग्लंडात हेच आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात केलं. मठ बंद, छपरांचं शिसं उतरवलं, भिंती उघड्या.

याच ओळीवर समीक्षक विल्यम एम्पसनने १९३० मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, जे लिहिलं ते वाचल्याशिवाय निबंध देऊ नका. त्याच्या 'सेव्हन टाइप्स ऑफ अँबिग्विटी' या पुस्तकाच्या अगदी सुरुवातीलाच आहे. झाड आणि गायनकक्ष यांच्यात तो साम्यं मोजत जातो: दोन्ही गाण्याच्या जागा, दोन्हीत ओळीने बसणं, दोन्ही लाकडाची, कोरीव गाठींची. भोवतालची इमारत रानासारखी. रंगीत काचा पानाफुलांसारख्या, आणि आता उरलेल्या करड्या भिंती हिवाळी आभाळासारख्या. मग मठांचा विध्वंस, प्युरिटनांची (कर्मठ प्रोटेस्टंटांची) भीती वगैरे. यातलं नेमकं कुठलं साम्य मनात धरायचं हे ठरवता येत नाही, आणि ओळीची ताकद त्या न ठरण्यातच आहे, असं त्याचं म्हणणं.

अर्धविराम
एम्पसन वाचावाच, पण त्याच्या पाठीवर बसून नदी ओलांडू नये. एक शंका इथेच काढता येते. 'व्हेअर *लेट* द स्वीट बर्ड्ज सँग'. 'लेट' म्हणजे अलीकडेपर्यंत. मठ १५४० पर्यंत संपले, क्वार्टो १६०९ ची. सत्तर वर्षांना 'अलीकडे' कोण म्हणतं?

पडका_मनोरा
'लेट' पक्ष्यांचं आहे, मठांचं नाही. पक्षी दोन महिन्यांपूर्वीच गात होते. रूपकाच्या दोन बाजूंचे काळ वेगळे असू शकतात.

अर्धविराम
मान्य, आणि म्हणूनच ते लिहिण्याजोगं आहे. ताजी पानगळ आणि जुनी पडझड एकाच ओळीत कोंबली की बोलणाऱ्याचं वय ठरत नाही. तो नुकता ओसरू लागलाय की केव्हाचा उजाड आहे? दुसऱ्या ओळीत 'नन' की 'फ्यू' हेच ठरत नव्हतं. दोन्ही पुरावे एका दाव्याकडे बोट दाखवतात, आणि निबंधाला ३००० शब्द असेच मिळतात. मात्र 'यावरून शेक्सपिअर छुपा कॅथलिक होता' या खड्ड्यात पडू नका. एका ओळीवर तेवढा भार टाकता येत नाही. तिसऱ्या ओळीतल्या 'शेक' मध्ये कवीचं आडनाव शोधणारेही असतात, त्यांना नमस्कार करून पुढे जावं.

दुभाषी
एक उपाय सुचवते, गाइडपेक्षा उपयोगी: कविता मराठीत उतरवून बघ. भाषांतर द्यायचं नाहीये, अडशील कुठे ते टिपायचंय. माझ्या मते चार ठिकाणी अडशील.

पहिलं, 'दाऊ सीस्ट'. मराठीत 'पाहतोस' की 'पाहतेस' ठरवावंच लागतं. इंग्रजी गप्प. १ ते १२६ सॉनेटं तरुण पुरुषाला उद्देशून आहेत असं सर्रास मानतात, पण ७३ मध्ये स्वतःत लिंग दाखवणारा एकही शब्द नाही. निबंधात 'फेअर यूथ' (त्या तरुणाचं रूढ नाव) बिनदिक्कत लिहिण्याआधी हे ध्यानात घे.

दुसरं, दहाव्या ओळीतलं 'हिज यूथ'. 'त्याचं तारुण्य', कुणाचं? आगीचं. त्या काळी 'हिज' निर्जीवालाही चाले. पण पुढच्याच ओळीत त्याच आगीला 'इट' म्हटलंय. 'हिज' वाचताना माणूस डोळ्यांपुढे येऊन जातो, मग 'इट' त्याला वस्तू करतं.

तिसरं, बारावी ओळ: 'कन्झ्यूम्ड विथ दॅट व्हिच इट वॉज नरिश्ड बाय'. ज्याने पोसलं त्यानेच संपवलं. तारुण्य हे सरपण, आता त्याचीच राख झालीय आणि तीच आगीला दडपतेय. नुसतं 'आग विझते' लिहिलंस तर ओळीतला पेच हुकला.

चौथं, शेवटच्या ओळीतलं 'लीव्ह'. बोलणारा मरणार, म्हणजे सोडून जाणार तो. पण वाक्यात सोडणारा 'दाऊ' आहे! 'लीव्ह' म्हणजे 'मुकणं' असा अर्थ घेऊन संपादक गाठ सोडवतात, पण गाठ होती हे तू दाखव. शिवाय 'लीव्ह' म्हटलं की दुसऱ्या ओळीतली 'लीव्ज' कानात वाजतात.

रिकामा_कोपरा
'दाऊ' म्हणजे आपलं 'तू' आणि 'यू' म्हणजे 'तुम्ही', बरोबर ना? मग जवळीक दाखवायला 'दाऊ' वापरलं, असा एक परिच्छेद होईल.

दुभाषी
जपून. आपण आईला 'तू' म्हणतो, देवाला 'तू' म्हणतो आणि भांडणात शत्रूलाही 'तू'च म्हणतो, एकेरी म्हणजे जवळीक हे आपल्याकडेही सरळ नाही. १५९० च्या इंग्रजीत तर एकाच संभाषणात दोन्ही येतात. सुट्या 'दाऊ'वर काही उभं राहत नाही, बदलावर राहतं. ७१ आणि ७२ या सॉनेटांत 'यू' आहे. ७३ आणि ७४ मध्ये 'दाऊ'. चारही मरणाविषयी, एकापाठोपाठ. ७४ तर 'बट' या शब्दानेच सुरू होतं, म्हणजे ते ७३ चं पुढचं वाक्य. ७१ मध्ये 'मी मेल्यावर शोक करू नकोस' अशी मनाई आहे, ७३ मध्ये 'माझ्याकडे बघ'. तिथे सर्वनाम बदलतं. एवढं नोंदव, 'का' याचं उत्तर ठासून देऊ नकोस.

शब्दाची_मुंगी
शब्दकोशाचं राहिलं. नियम असा ठेवा: ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांचाच अर्थ आधी बघायचा. अनोळखी शब्द आपण बघतोच, फसवतात ते ओळखीचे.

सातवी ओळ: 'व्हिच *बाय अँड बाय* ब्लॅक नाइट डथ टेक अवे'. आज 'बाय अँड बाय' म्हणजे हळूहळू, यथावकाश. तेव्हा 'लगेच' हा अर्थही चालू होता. १६११ च्या बायबलात मार्कच्या सहाव्या अध्यायात मुलगी योहानाचं शिर 'बाय अँड बाय' मागते, ती काही 'सावकाश द्या' म्हणत नाही. दुसरीकडे 'हॅम्लेट'मध्ये तिसऱ्या अंकात हॅम्लेट 'येतो बाय अँड बाय' म्हणतो आणि लगेच, 'बाय अँड बाय म्हणायला सोपं', असा टोला हाणतो. म्हणजे शब्द ताणला जात होताच. रात्र हळूहळू संधिप्रकाश नेते की झडप घालते? दोन्ही पुरावे देऊन बाजू घे.

आठवी ओळ: 'सील्स अप'. पत्रावरची लाखेची मोहोर किंवा शवपेटी बंद करणं हा एक अर्थ. उच्चार तोच पण स्पेलिंग वेगळं असलेला दुसरा शब्द म्हणजे शिकारी ससाण्याच्या पापण्या दोऱ्याने शिवणं. 'मॅक्बेथ'मध्ये रात्रीला 'सीलिंग नाइट' म्हणून हाक मारलीय ती याच शब्दाने. बघण्यावर चाललेल्या कवितेत डोळे शिवणारी रात्र आली, तर तुझ्या दाव्याला केवढा आधार!

साधनं: ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची वर्गणी कॉलेजकडे असेल तर उत्तम. नसेल तर १८८४ ते १९२८ दरम्यान निघालेली तिची पहिली आवृत्ती इंटरनेट आर्काइव्हवर चाळता येते, आणि तुझ्या कामाला ती पुरते. प्रत्येक अर्थाखालची सालं बघ. १७०० नंतर सुरू झालेला अर्थ १६०९ च्या कवितेत घुसवता येत नाही. आणि एकाच शब्दाचे सात अर्थ ओतू नकोस, ओळीत जे दोन जिवंत आहेत तेवढेच.

शाईचा_डाग
सगळ्यांचे आभार, तीन दिवस हेच करत होते. एक परिच्छेद लिहिलाय, मराठीत आशय देते:

'दुसऱ्या ओळीत कवीने पिवळ्या पानांची सुंदर प्रतिमा वापरून आपलं वार्धक्य प्रभावीपणे मांडलं आहे. पानांचा क्रम उलटा आहे, ज्यातून कवीच्या मनाची घालमेल दिसते. चौथ्या ओळीतल्या अनुप्रासामुळे ओळीला संगीत लाभतं. यातून मानवी जीवनाची नश्वरता अधोरेखित होते.'

अर्धविराम
निरीक्षण आलंय, पण चार वाक्यांत चार विषय झाले. 'सुंदर' आणि 'प्रभावीपणे' काढ, ते गुण परीक्षकाने द्यायचे. 'संगीत लाभतं' काढ, कुठल्याही अनुप्रासाबद्दल तेच म्हणता येतं. 'नश्वरता' काढ, ती कुठल्याही पानगळीच्या कवितेत सापडते. उरलं काय? उलटा क्रम आणि घालमेल. 'घालमेल' ओळीतून सिद्ध कर किंवा तीही काढ. मी असं करीन:

'पिवळी पानं, मग एकही नाही, मग थोडी: हा क्रम झाडाचा नाही, बोलणाऱ्याच्या हिशेबाचा आहे. "नन" म्हटल्यावर "फ्यू" म्हणणं म्हणजे दिलेला आकडा मागे घेणं. तिन्ही शक्यता "डू हँग" या एकाच क्रियापदाला अडकवल्या आहेत, त्यामुळे "एकही नाही" हेसुद्धा क्षणभर फांदीला लटकलेलं दिसतं. बघायचं काम "दाऊ"वर सोपवलं आहे, पण किती पानं उरली हे मोजतो आणि पुन्हा मोजतो तो बोलणाराच. आणि दुरुस्ती करताना तो स्वतःच्या पदरात थोडी पानं टाकून घेतो.'

शेवटचं वाक्य दाव्याला जाऊन भिडतं. दर परिच्छेदात असं एक हवं. आणि हो, या उलट्या क्रमाची नोंद आपल्याआधी बऱ्याच जणांनी केलीय. 'मला प्रथमच दिसलं' असा आव नको. समीक्षक हेलन व्हेंडलर यांचं १९९७ चं सॉनेटांवरचं पुस्तक वाच, पण तुझा कच्चा खर्डा झाल्यावर. आधी वाचलंस तर तुझं वाचन तिथेच संपेल, त्या बाई इतक्या ठामपणे लिहितात.

खिळा_जुळारी
शब्दांची वाटणी साधारण अशी बसेल. प्रस्तावना आणि दावा २५०. पाठाचा प्रश्न २००, त्याहून जास्त नको. पहिल्या चार ओळी ९००, माल तिथेच आहे. संध्याकाळ ५००, आग ५००. शेवटचं द्विपद ४५०. उरलेले २०० फुगतील तिथे फुगू देत. सगळ्या कडव्यांना समान शब्द वाटलेत की ते कवितेवर नव्हे, आराखड्यावर लिहिलंय असं दिसतं. कवितेची अवतरणं एकूण दीडशे शब्दांच्या आत ठेव, कविताच सव्वाशेच्या आसपास शब्दांची आहे. समीक्षक दोन, फार तर तीन, आणि निदान एकाशी मतभेद.

वेळ: पहिला आठवडा शब्दकोश आणि छंद, दुसरा खर्डा, तिसऱ्यात चार दिवस समीक्षक आणि तीन दिवस काटछाट. प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिही. आधी लिहिलीस तर ती 'शेक्सपिअर हे जगातील थोर नाटककार होत' अशीच निघेल.

रिकामा_कोपरा
केशवसुतांशी तुलना घातली तर? त्यांनी १८९२ मध्ये मराठीत सॉनेट आणलं, 'चतुर्दशक' म्हणून.

दुभाषी
स्वतंत्र निबंध होईल. इथे दोन वाक्यांत घातलंस तर शोभेची कुंडी.

शाईचा_डाग
शेवटचं विचारते. द्विपद उरलंय. 'विच मेक्स दाय लव्ह मोअर स्ट्राँग' हे खरंच सांत्वन आहे का? वर्गात तसंच सांगितलं होतं. आणि क्वार्टोतला तो तुटका शब्द अवतरणात कसा द्यायचा?

अर्धविराम
व्याकरण बघ. 'मेक्स' हे साधं विधान आहे. 'होवो' नाही, 'होईल' नाही. तेरावी ओळ 'दिस दाऊ पर्सीव्हस्ट' ने सुरू होते, म्हणजे तुला उमगतं आणि त्याने तुझं प्रेम बळावतं, हे दोन्ही बोलणाराच ठरवून सांगतो. विनंती विधानाच्या वेषात आलीय असं वाचता येईल, किंवा हुकूम आलाय असंही. पुढच्या ओळीत 'लव्ह दॅट वेल' मधलं 'दॅट' म्हणजे कोण? बोलणारा असेल तर त्याने स्वतःला 'ते' म्हटलं. समोरच्याचं स्वतःचं तारुण्य असेल तर बारा ओळी दाखवलेला आरसाच होता. सांत्वन म्हण, पण या दोन अडचणींना उत्तर देऊन म्हण. वर्गातलं वाक्य चुकीचं नाही, अर्ध्यावर थांबलेलं आहे.

खिळा_जुळारी
अवतरण तुझ्या आवृत्तीतलं दुरुस्त रूप घेऊन द्यायचं, ओळ क्रमांक ४. क्वार्टोतलं रूप फक्त पाठाच्या परिच्छेदात, एकदाच, अक्षर न् अक्षर तसंच. स्पेलिंग सुधारू नकोस आणि टंकलेखनाची आपोआप दुरुस्ती बंद ठेव, नाहीतर संगणक तुझ्या नकळत बेन्सनचं काम करून मोकळा होईल. सॉनेटचा क्रमांक पहिल्यांदा सांगितला की पुढे नुसते ओळींचे आकडे पुरतात, पान क्रमांक लागत नाही. तीन ओळींपर्यंतचं अवतरण वाक्यातच, ओळ तुटते तिथे तिरकी रेघ. चार किंवा जास्त असतील तर वेगळा उतारा समास सोडून, अवतरणचिन्हांशिवाय.